अलग ठेवणं, वेगळं काढणं

कोशाच्या कचेरीत तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने. कचेरी म्हणजे शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वरच्या तीन खोल्या. भिंतींना लागून लाकडी कपाटं, कपाटांना बारके बारके खण आणि खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द, तो कुठे कसा वापरला गेला ते वाक्य, आणि खाली आपल्या भाषेतला अर्थ. दोन लाख चिठ्ठ्या आहेत असं म्हणायचे. मोजल्या कुणीच नव्हत्या, पण कुठली चिठ्ठी कुठल्या खणात हे ती डोळे मिटून सांगायची. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती. आता बावन्नची होती, लग्न केलेलं नव्हतं, भाड्याच्या एका खोलीत राहायची. डबा खिडकीशी बसून एकटीच खायची. टंकलेखक गमतीने म्हणायचा, "बाईंना दोन लाख शब्द येतात, पण दिवसाला वीसच खर्च करतात."

संपादकांना सगळे सर म्हणत. सत्तरीला टेकलेले, अंगाने काटकुळे. एखादा नेमका शब्द सुचला नाही तर हातातला घास हातातच राहायचा. कोशात त्यांनी जागोजागी चौकटी ठेवल्या होत्या. एकसारखे दिसणारे शब्द एका चौकटीत घ्यायचे आणि त्यांच्यातला बारीक फरक उलगडून दाखवायचा. त्यांचा नियम एकच होता: उदाहरणाचं वाक्य असं हवं की चौकटीतला दुसरा कुठलाही शब्द त्यात बसता कामा नये. या चौकटी करण्यात तिचा हातखंडा होता. रागावण्याची चौकट तिने चार दिवसांत हातावेगळी केली होती, चालण्याची आठवड्यात.

त्या वर्षी सरांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, माणूस इतरांपासून बाजूला असणं. खाली अकरा शब्द होते. अलोन, लोन्ली, सॉलिटरी, आयसोलेटेड, सेग्रिगेटेड, सिक्लुडेड, अलूफ, डिटॅच्ड, रिझर्व्ड, ऑस्ट्रसाइज्ड आणि एक्सक्लुझिव्ह.

"शेवटचा यात कसा काय?" टंकलेखकाने डोकावून विचारलं. "एक्सक्लुझिव्ह तर चांगलं असतं."

"तेही बाजूलाच असणं आहे," सर म्हणाले. "फरक एवढाच, की तिथे बाहेर राहिलेल्यांना वाईट वाटतं."

आठ दिवसांत तिने चौकट लिहून दिली. अलोन म्हणजे नुसती मोजणी, खोलीत एकच माणूस आहे एवढंच. लोन्ली म्हणजे त्या माणसाला आत काय वाटतं ते; भरल्या घरातही माणूस लोन्ली असतो. सिक्लुडेड जागा असते, झाडांआड दडलेली, आणि तिथे जायला बरंही वाटतं. ऑस्ट्रसाइज्ड म्हणजे चारचौघांनी ठरवून वाळीत टाकलेला. फार पूर्वी एका परक्या शहरात लोक खापरीच्या तुकड्यावर नाव लिहून माणसाला गावाबाहेर घालवायचे, त्या खापरीवरून हा शब्द आला. सगळं बरोबर होतं. सरांनी चष्मा वर करून वाचलं, आणि कागद परत केला.

"चूक काहीच नाही, बाई. पण तुमच्या वाक्यांत कुणी राहत नाही. भाड्याने द्यायच्या घरासारखी वाटतात."

तिला राग आला. एकतीस वर्षांत तिचा कागद परत आला नव्हता. त्याच रागात तिने दुसऱ्या दिवशी नवी वाक्यं लिहिली, भराभर, खाडाखोड न करता. त्यांतलं आयसोलेटेडचं वाक्य असं होतं: तिला गच्चीवरच्या खोलीत अलग ठेवलं होतं, आई जेवणाचं ताट वरच्या पायरीवर ठेवून मागे सरकायची.

सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. "ही कोण?"

"कुणी नाही, सर. उदाहरण आहे."

"हं. मग उदाहरण म्हणून बोलतो. इथे सेग्रिगेटेड घातलं तरी बसतंय. नियम मोडला. या दोहोंत फरक काय?"

ती सांगायला गेली आणि अडखळली. एक शब्द बेटावरून आलाय आणि दुसरा कळपावरून, एवढं तिला येत होतं. एकात माणसाचं बेट होतं, दुसऱ्यात त्याला कळपातून बाहेर काढतात. पण गच्चीवरच्या त्या खोलीला यांतला कुठला शब्द लागतो, ते तिला सांगता येईना.

"पुस्तकात मिळत नसेल," सर हळू आवाजात म्हणाले, "तर ज्यांच्यावर बेतलं त्यांना विचारावं लागतं."

बेतलं होतं ते तिच्या ताईवर.

ती नऊ वर्षांची असताना तिच्या सतरा वर्षांच्या ताईच्या दंडावर बटणाएवढा फिकट डाग आला. दुखत नव्हता, खाजत नव्हता, आणि वाईट तेच होतं. ताईला त्याची गंमत वाटायची. "इथे टाचणी टोचून बघा, मला कळतच नाही," असं ती हसत हसत घरभर सांगत सुटली. दादा तेव्हा चौदाचा होता. त्याने खरंच टोचली. ताई हसली. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तिला डॉक्टरकडे घेऊन गेले आणि आले ते तोंड पाडून. त्यानंतर घरात त्या आजाराचं नाव कुणी कधी घेतलं नाही. 'तो रोग' एवढंच, तेही दार लावून.

सहा आठवडे ताई गच्चीवरच्या खोलीत होती. तिचं ताट वेगळं केलं गेलं. चुकून इतरांत मिसळू नये म्हणून बाबांनी त्याच्या कडेवर खिळ्याने फुली कोरली. धाकटीला वर जायची बंदी होती. पण जिन्यात बसायला कुणी बंदी केली नव्हती. ताई वरून इंग्रजी शब्द टाकायची, ही खालून स्पेलिंग सांगायची. चुकलं की वरून ताईचं हसणं ऐकू यायचं. इंग्रजी ती शिकली ती अशी, बाराव्या पायरीवर बसून.

मग एका सकाळी ती उठली तेव्हा गच्चीवरच्या खोलीला चुना लावत होते. शेजारी विचारायला आले तर बाबा म्हणाले, "मावशीकडे पाठवलंय, शिकायला." दोन वर्षांनी एकदा जेवताना ताटावरून मान न उचलता ते म्हणाले, "ती गेली."

आपल्या भाषेत गेली या शब्दाचं हे असं आहे. बाजारात गेलेलीही गेली आणि कायमची गेलेलीही गेली. कुणी रडलं नाही, कुणी भेटायला आलं नाही. आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. त्यावर आईने विश्वास ठेवला की नाही, हे कळायला आता मार्ग नाही. एवढं मात्र खरं, की ताईचं सगळं सामान जाळलं तरी ते फुलीचं ताट आईने जाळायला दिलं नाही आणि त्यानंतर ती रोज त्याच ताटात जेवली. कुणी टोकलं तर म्हणायची, "सवय झाली." चौदा वर्षांपूर्वी ती वारली तोवर तिचं ताट तेच होतं.

आपल्याला काही माहीत नव्हतं, असं धाकटीला म्हणता आलं असतं. पण शब्दांच्या बाबतीत ती स्वतःला फसवू द्यायची नाही. माहीत नव्हतं हे अर्धंच खरं होतं. तिने विचारलं नव्हतं, हे पुरतं खरं होतं. मोठी झाली, कमावती झाली, घर सोडून वेगळी राहिली, तरी विचारलं नाही. तिचं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं. का मोडलं, तेही तिने कधी विचारलं नव्हतं.

त्या रोगाचं नाव तिने पहिल्यांदा उच्चारलं ते सरांसमोर. सरांनी त्या रोगाच्या जुन्या इस्पितळाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. कोशासाठी जुनी कागदपत्रं बघायची आहेत, असं त्यात होतं. बसने दोन तास. शहर संपलं, मग कारखाने संपले, मग एका लांबच लांब भिंतीशी बस थांबली. भिंत मधे मधे पाडलेली होती. दफ्तरातला कारकून उत्साही माणूस होता. जुनी रजिस्टरं बघायला कुणी येतं याचंच त्याला अप्रूप. त्याने फडक्याने धूळ झटकून एकामागून एक जाडजूड वह्या तिच्यापुढे मांडल्या.

तिने आयसोलेशन शोधलं नाही, सेग्रिगेशनही शोधलं नाही. तिने साल शोधलं, मग महिना, मग ताईचं नाव. सापडलं. वय सतरा. आणणारा: वडील. त्यापुढे आठ वर्षांचे औषधांचे शेरे, आणि मग लाल शाईत एक ओळ. आजार पूर्ण बरा, घरी जाण्यास हरकत नाही. त्याखाली: नातेवाइकांना कळवले, उत्तर नाही. दोन वर्षांनी पुन्हा: कळवले, उत्तर नाही. त्यानंतर सात वर्षांनी तिसऱ्यांदा, निराळ्या हस्ताक्षरात: कळवले, उत्तर नाही. आणि शेवटी: पादत्राण विभागात नेमणूक.

ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मृत्यूची नोंद कुठे दिसेना. पान उलटलं, पुन्हा मागे आली.

"हिचं पुढे काय झालं?" तिने विचारलं.

कारकुनाने वाकून बघितलं. "या होय? यांना काय व्हायचंय! त्या चपलांच्या शेडमध्ये असतील आत्ता. त्यांच्याशिवाय पान हलत नाही तिथलं."

शेड लांब होती, पत्र्याची. रबराचा आणि चिकटवायच्या डिंकाचा वास होता. शेवटच्या बाकाशी एक पांढऱ्या केसांची बाई रबराची जाड चकती कापत होती. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, पण कात्री अशी सफाईने चालत होती की बघत राहावं. चाहूल लागली तशी मान वर न करताच ती म्हणाली, "माप द्यायला आलात? बसा. पाय कागदावर ठेवा."

चिठ्ठीबाई बसली. तिने खरंच चप्पल काढून पाय कागदावर ठेवला. बाई गुडघ्यावर बसली आणि पायाभोवती पेन्सिल फिरवू लागली. टाचेकडून सुरुवात केली, बाहेरची कड घेतली, बोटांपाशी आली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा चांगलं पेरभर पुढे होतं. पेन्सिल तिथे थांबली.

"आमच्या घरात सगळ्यांचं असंच बोट," ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग तिने वर बघितलं. बघतच राहिली.

"बारके?"

त्या नावाने तिला त्रेचाळीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

दोघींपैकी कुणीही मिठीबिठी मारली नाही. ताई बाकाला धरून उठली, हात पुसले, कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चहाचं भांडं चढवलं. पाठमोरीच म्हणाली, "कशाला आलीस?"

खरं तर शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या. पण हिच्या तोंडून निघालं, "शब्द विचारायला."

ताई वळली. क्षणभर तिला कळलंच नाही. आणि मग ती हसायला लागली, तशीच, जिन्यावरून ऐकू यायचं तशी. हसता हसता डोळ्यांना पदर लावला तो लवकर काढला नाही. "चाळीस वर्षांनी आली बया," ती म्हणाली, "आणि ती शब्द विचारायला!"

मग एकेकाची चौकशी झाली. बाबा? सव्वीस वर्षं झाली. दादा? आहे, जुन्या घरातच, एक मुलगी आहे त्याला. आई?

"चौदा वर्षं." आणि मग तिने ताटाचं सांगितलं.

ताईने बाकावरची अर्धवट चप्पल ओढून घेतली, दाभणात दोरा ओवला आणि टाके घालू लागली. चपलांना तिथे खिळे मारत नसत. ज्या पायांना काही जाणवत नाही, त्यांना खिळा टोचला तरी कळत नाही. जखम सडेपर्यंत माणूस चालत राहतो. म्हणून सगळं शिवायचं आणि चिकटवायचं. एक पूर्ण पट्टा शिवून झाला. मग म्हणाली, "फुली कोरलेल्या कडेला ओठ कापायचा माझा. तिचाही कापत असेल."

परतीच्या बसमधून उतरून ती खोलीवर गेली नाही. सरळ जुन्या घरी गेली. दादाने दार उघडलं. तो निवृत्त झाला होता, पाठदुखीने वाकलेला.

"ताई जिवंत आहे," तिने उंबऱ्यातच सांगितलं.

दादाला धक्का बसला नाही. ते तिने बघितलं.

"तुला माहीत होतं."

तो खाली बसला. "बाबा गेले त्या वर्षी पत्र आलं. दवाखान्याचं. बरी आहे, कोण न्यायला येणार ते कळवा म्हणून."

"आणि आई?"

"तिला नाही सांगितलं."

"ती त्या ताटात जेवत होती, दादा! रोज! तुझ्यासमोर!"

"माझी मुलगी चार महिन्यांची होती," दादा म्हणाला. "लोक काय म्हणतील, मुलीचं पुढे कसं होईल... मी म्हटलं, जरा थांबू. मग थांबलो ते थांबलोच. एकदा उशीर झाला की रोज जास्तच उशीर होत जातो गं." आणि मग, तोंडातल्या तोंडात, "टाचणी मीच टोचली होती."

तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तो चौदा वर्षांचा दिसला. ती पाणीही न घेता निघाली.

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी रविवारी जाऊ लागली. अकरा शब्दांचा कागद बरोबर असायचा. ताईने इस्पितळातल्या वाचनालयातली पुस्तकं कितीदा तरी वाचून काढली होती. इंग्रजी तिचं अजून पक्कं होतं, फक्त उच्चार पुस्तकी. काम करता करता ती शब्द एकेक करून हातात घ्यायची, रबराची जात बघावी तशी.

"सॉलिटरी मला नको. तो झाडाला ठेव. माळावरच्या एकट्या झाडाला शोभतो, त्याला कुणी पत्रं लिहायला जात नाही."

"तू लिहायचीस?"

"पहिल्या वर्षी दर आठवड्याला. मग महिन्याला. मग उरलेली तिकिटं इतरांना वाटून टाकली. ज्यांना उत्तरं यायची त्यांना."

"आणि लोन्ली?"

"पहिली पाच वर्षं. नंतर पायांची इतकी गर्दी झाली की वेळ मिळाला नाही." ती हसली, पण हसू लगेच आवरलं. "पावसाळ्यात कधी कधी. शेडमध्ये कुणी येत नाही तेव्हा."

अलूफपाशी आल्यावर धाकटीने त्याची गोष्ट सांगितली. हा शब्द खलाशांचा. वारा जहाजाला किनाऱ्यावर ढकलायला लागला की ते खडकावर आपटू नये म्हणून तोंड वाऱ्याकडे करून मुद्दाम दूर ठेवायचे.

ताई ऐकून घेत होती. "म्हणजे ही तू," ती म्हणाली. "कचेरीत खिडकीशी बसून जेवतेस म्हणालीस ना. मला लांब ठेवलं लोकांनी. तुला कुणी ठेवलं? कुठल्या खडकाची भीती होती तुला?"

धाकटीने कागदावर अलूफपुढे खूण केली आणि पुढचा शब्द वाचला.

आयसोलेटेड आणि सेग्रिगेटेड तिने शेवटाला ठेवले होते. तो फरक ताईने एका वाक्यात सांगितला, दोऱ्याला मेण लावता लावता. "अलग ठेवतात ते रोगाला. वेगळं काढतात ते माणसाला." मग मेण बाजूला ठेवून, "अलग ठेवलेल्याच्या दाराशी कुणीतरी असतं, हे कधी संपेल याची वाट बघत. तू जिन्यात बसायचीस ना, तोवर मी अलग होते. इथे आल्यावरही औषध चालू होतं तोवर अलगच होते. डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून वेगळी झाले."

सरांनी ती चौकट वाचली आणि एकही अक्षर बदललं नाही. फक्त विचारलं, "ज्यांनी हे सांगितलं त्यांना छापलेलं दाखवाल ना?" तिने कच्चा छापील कागद नेला. ताईने भिंगातून तो दोनदा वाचला आणि डिटॅच्डमधली एक चुकीची वेलांटी काढून दाखवली. दिवसभर त्याचा तिला भारी अभिमान.

"माझ्याकडे राहायला चल," असं धाकटी प्रत्येक खेपेला म्हणायची. एकदा ताई आली. खोली बघून खूश झाली, खिडकीतून रहदारी बघत बसली, दिसेल त्या माणसाच्या चालीवरून त्याची चप्पल कुठे झिजते ते सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. धाकटी भांडी आवरायला गेली तर ताईचा कप इतर कपांत नव्हता. ताईने तो स्वतःच विसळून खिडकीच्या कट्ट्यावर एकटा पालथा घातला होता.

"हा इथे का?"

ताईने कपाकडे बघितलं. आपण काय केलंय ते तिलाच आत्ता दिसत होतं. "सवय," ती म्हणाली.

धाकटीने त्याच कपात पुन्हा चहा ओतला आणि तिच्यासमोर उभी राहून प्यायली. ताई भडकली. "नाटकं करू नकोस! मला बरी होऊन पस्तीस वर्षं झालीत, तू पिऊन दाखवायची गरज नाही!" त्याच दुपारी ताई परत निघाली. चौघांची मापं घेऊन ठेवली आहेत, त्यांचे पाय थांबलेत, म्हणाली. बसमध्ये चढवून देताना तिने धाकटीच्या गालाला हात लावला, वळलेल्या बोटांच्या पाठीने. राहायला पुन्हा आली नाही.

दादाला धाकटीने तीनदा कळवलं. "आज येतो, उद्या येतो," करत तो आला नाही. ताईने त्याच्याबद्दल फक्त एकदा विचारलं, "पाठीला पट्टा बांधतो का? बांधायला सांग."

चौदा महिने असे गेले. मग एका मंगळवारी टंकलेखकाने फोन तिच्या हातात दिला आणि तिचा चेहरा बघून खुर्ची पुढे सरकवली. ताई कामाच्या बाकावरच छातीत कळ येऊन गेली होती. तो कारकून फोनवर 'गेल्या' म्हणाला. तिने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. गेल्या म्हणजे नक्की काय, असं विचारलं. बिचाऱ्याला नीट शब्दांत सांगावं लागलं.

अंत्यविधीला इस्पितळातले चाळीसेक लोक होते. घरचं एकच माणूस. सर आले होते, काठी टेकत, दोन तास बसने. कागदावर नात्याच्या रकान्यात तिने बहीण असं लिहिलं आणि खाली सही केली.

कोश त्यानंतर आठ महिन्यांनी छापून आला. त्याच सुमारास एका संध्याकाळी तिच्या खोलीचं दार वाजलं. दादाची मुलगी होती, अठ्ठावीस वर्षांची, कामावरून तशीच आलेली, खांद्यावर पिशवी.

"आत्या," ती दारातच म्हणाली, "आज सकाळी बाबांनी सांगितलं मला. सगळं. माझ्यामुळे नाही आणलं म्हणाले तिला." तिचे डोळे सुजलेले होते. "मला कुणी विचारलं तरी होतं का?"

"तू चार महिन्यांची होतीस," आत्या म्हणाली. "ये, बस."

मुलगी जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून. चपला काढलेल्या तिच्या पायांकडे, अंगठ्याच्या पुढे गेलेल्या बोटाकडे आत्याची नजर गेली आणि तिने ती लगेच वळवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कशी होती ती?" मुलीने विचारलं.

आत्याने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला फार थोडं माहीत आहे. लहानपणची नऊ वर्षं, त्यातली निम्मी तर आठवतही नाहीत. आणि नंतरचे अठ्ठावीस रविवार. एका माणसाच्या साठ-एकसष्ट वर्षांतलं एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. बाकीचं ज्यांना ठाऊक, त्यांची नावंसुद्धा तिने नीट विचारून घेतली नव्हती.

"हसायची फार," ती म्हणाली. "स्पेलिंग चुकलं की आधी हसायची, मग सांगायची. चहात साखर जास्त घालायची. कात्री उजव्या हातात, पण पेन्सिल डाव्या. कुणाच्याही पायाकडे आधी बघायची, मग तोंडाकडे." ती थांबली. आणखी काय आहे ते शोधत राहिली. मुलगी वाट बघत होती.

"रागीट होती जरा," ती शेवटी म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.